चोवीस नंबरचा पंखा

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्या सरकारी कार्यालयात संगणक आला शहाण्णव सालच्या मे महिन्यात, पण त्याचा आवाज ऐकू आला सोळा नोव्हेंबरला. मधले सहा महिने तो गप्प होता असं नाही. छताला तेवीस पंखे फिरत होते, आणि सरकारी पंखा फिरत असताना माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. वीज वाचवण्याच्या परिपत्रकाप्रमाणे पंधरा नोव्हेंबरला संध्याकाळी सगळे पंखे बंद झाले, ते थेट फेब्रुवारीअखेरपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात शांतता पसरली आणि प्लायवूडच्या आडोशामागून खडखड सुरू झाली.

आडोशाच्या अलीकडे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, गोपाळकृष्ण भाटवडेकर बसत. निवृत्तीला सतरा महिने राहिले होते. टिप्पणी लिहावी तर भाटवडेकरांनी, असं भोपाळच्या मुख्यालयातसुद्धा मानत. मात्र टिप्पणीला शांतता लागते, म्हणून अवघड फायली ते हिवाळ्यासाठी राखून ठेवत आणि उन्हाळ्यात नुसत्या सह्या करत. त्या सकाळी त्यांनी सर्वांत अवघड फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि अर्ध्या तासानं एकही ओळ न लिहिता ते टोपण परत लावलं.

आडोशामागे विनोदिनी मुळ्ये बसायची. संगणक चालवणारी कार्यालयात ती एकटीच.

"मुळ्ये मॅडम, याचा आवाज जरा कमी करा ना. फार परेशानी होऊन राहिली आहे."

"याला आवाजाचं बटन नाही, बडे बाबू. मागे पॉवर सप्लायच्या डब्यात लहानसा पंखा आहे. त्यात धूळ गेलीय. थंडीत सकाळी तासभर खडखडतो, मग तापला की नुसता घुमतो."

"मग तो पंखा बंद करून टाका. माणसांचे बंद केलेच ना?"

पंखा बंद केला तर डबा तापून मशीनच बंद पडेल, असं विनोदिनीनं समजावून सांगितलं. मशीन बंद पडणं तिला परवडणारं नव्हतं. वीस डिसेंबरला भोपाळहून तपासणी अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर संगणकातून कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी छापून निघाली, तर संगणक उज्जैनला राहणार आणि विनोदिनीही. नाही निघाली, तर संगणक इंदूरला जाणार आणि विनोदिनी झाबुआ जिल्ह्यातल्या एका उपकार्यालयात. माधव नगरच्या घरी तिच्या सासूबाई, माई, खुब्याचं हाड मोडून तीन महिने अंथरुणावर होत्या. नवरा रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस गाडीवर. माईंना सोडून झाबुआला जाणं म्हणजे काय, या विचारानं तिची झोप उडाली होती.

बडे बाबूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होती ती फक्त खडखड. आठवडाभर कानात कापसाचे बोळे घालून पाहिल्यावर त्यांनी माणसानं करू नये ते केलं, म्हणजे कागद लिहिला. 'कम्प्यूटर का पंखा अत्यधिक शोर करता है, उचित कार्यवाही हो.' खाली वळणदार सही, तारीख, जावक क्रमांक. कागद विद्युत शाखेकडे गेला.

विद्युत शाखा म्हणजे विष्णू शिर्के, एक शिडी आणि एक पंख्यांचं रजिस्टर. 'कार्यालयातले सर्व, म्हणजे तेवीस, पंखे बंद आहेत' असं प्रमाणपत्र त्यानं आदल्याच दिवशी भोपाळला पाठवलं होतं. आता त्याच्या हातात खुद्द बडे बाबूंच्या सहीचा पुरावा होता, की याच कार्यालयात एक पंखा चालू आहे आणि तो आवाजसुद्धा करतो. तो धावतच आडोशामागे आला आणि सवयीप्रमाणे आधी छताकडे पाहू लागला.

विनोदिनीनं त्याला संगणकाच्या पाठीमागची जाळी दाखवली. तळहाताएवढा पंखा पाहून त्याला जरा धीर आला, पण पंखा तो पंखाच. पाती होती, फिरत होती, वाराही लागत होता. रजिस्टरात मात्र त्याची नोंद नव्हती.

"हा तर बेवारस पंखा आहे, मॅडम," विष्णू म्हणाला. "आधी याला नंबर द्यावा लागेल. मग बंद करता येईल."

विनोदिनीनं पुष्कळ विरोध केला. नंबर कागदावर लिहा म्हणाली, डब्यावर चिकटवा म्हणाली. विष्णूनं रजिस्टराचा नियमच वाचून दाखवला की नंबर पात्यावर हवा. संध्याकाळी प्लग काढून, झाकण उघडून त्यानं पांढऱ्या ऑइलपेंटनं एका पात्यावर दोन आणि दुसऱ्यावर चार काढला. आता हा बंद कसा करायचा, हे त्याला सुचेना, कारण पंख्याला वेगळं बटनच नव्हतं. ती काळजी रंगानंच मिटवली. रंग ओघळला, थंडीत रात्रभर आळला आणि त्यानं पातं चौकटीला घट्ट धरून ठेवलं.

सकाळी विनोदिनीनं मशीन सुरू केलं तर कार्यालयात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. बडे बाबूंनी दोन पानं टिप्पणी लिहिली आणि विष्णूला स्वतःहून चहा सांगितला. चाळीस मिनिटांनी आडोशामागून जळकट वास आला आणि पडदा काळा झाला. तोवर विष्णूनं 'क्र. २४ बंद' अशी कागदी पट्टी डब्यावर चिकटवून तीवर सहीशिक्का केला होता आणि चोवीस पंख्यांचं सुधारित प्रमाणपत्र टपालात टाकलं होतं.

आता पट्टी काढायची तर भोपाळची परवानगी हवी. परवानगीचा मसुदा करायचा तर बडे बाबूंनीच. कार्यालयाच्या साहेबांनी हुकूम सोडल्यावर त्यांनी तीन पानी मसुदा केला, आणि तो सुरेखच झाला. भोपाळहून फॅक्सनं तीन प्रश्न आले: सदर पंख्याखाली किती कर्मचारी बसतात, त्यास रेग्युलेटर आहे काय, आणि हिवाळ्यात उकडण्याचं कारण काय. बडे बाबूंनी खरी उत्तरं दिली. एकही नाही, नाही, आणि उकडतं ते यंत्राला. त्यावर चौथा प्रश्न आला, की सदर यंत्र कोणत्या श्रेणीचा कर्मचारी आहे. या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एकोणीस डिसेंबर उजाडला. मधे कोणीतरी टेबलफॅन लावायचं सुचवलं, पण तो पंचविसावा झाला असता.

वीस तारखेला भोपाळवाले अधिकारी दहा वाजता आले आणि साहेबांच्या खोलीत चहाला बसले. यादी होती एकशे साठ पानांची, छापायला दीड तास लागणार, आणि मशीन चाळीस मिनिटांच्या वर टिकत नव्हतं. विनोदिनी घरून हातपंखा घेऊन आली होती. तो विजेचा नसल्यामुळे रजिस्टराचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण तिचे दोन्ही हात प्रिंटरच्या कागदात अडकणार होते. चपराशी चहाच्या गडबडीत होते, आणि हातपंखा आपल्या शाखेत येत नाही असं विष्णूनं आधीच सांगून टाकलं होतं.

ती सरळ बडे बाबूंच्या टेबलापाशी गेली.

"बडे बाबू, आज यादी निघाली नाही तर मला झाबुआला जावं लागेल. घरी माई अंथरुणावर आहेत, त्यांना पाणी द्यायलाही कोणी नाही. कागद तुम्ही लिहिला होता. आता वारा तुम्हीच घाला."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत बडे बाबूंनी हजारो कागद लिहिले होते. आपला एखादा कागद कुणाच्या घरापर्यंत जाऊन पोचतो, हे त्यांना प्रथमच कोणी तोंडावर सांगत होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"हे आधी का नाही सांगितलं?" एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी मफलर काढला, कोट काढला, स्टूल ओढलं आणि डब्याच्या जाळीवर वारा घालायला सुरुवात केली.

चाळीस मिनिटं झाली, मशीन चालू राहिलं. पन्नास झाली. बडे बाबूंनी हात बदलला. शंभराव्या पानाला त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. एकशे चाळिसाव्या पानाला भोपाळवाले आडोशामागे आले. बाहेर उज्जैनभर लोक स्वेटर घालून उन्हात बसले होते, आणि इथं घामानं निथळणारे बडे बाबू संगणकाला वारा घालत होते.

"यह क्या हो रहा है?" भोपाळवाल्यांनी विचारलं.

"जी, पंखा बंद है, सर," बडे बाबू हात न थांबवता म्हणाले.

साहेबांनी घाईघाईनं पंख्याची फाईल पुढे केली. भोपाळवाल्यांनी ती उभ्यानंच पहिल्या पानापासून वाचली. तेवढ्यात शेवटचं पान छापून निघालं. विनोदिनीनं गठ्ठा त्यांच्या हातात दिला, त्यांनी दोन-चार पानं चाळून मान हलवली आणि तिथंच फाईलवर शेरा लिहिला. संगणक आणि ऑपरेटर उज्जैनलाच राहतील, चोवीस नंबरचा पंखा बारमाही चालेल. विनोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. बडे बाबूंनी पंखा खाली ठेवला, पण हात सवयीनं काही वेळ हलतच राहिला.

"आपको इसके शोर से बहुत तकलीफ़ है?" फाईलचं पहिलं पान पुन्हा उघडून भोपाळवाल्यांनी विचारलं.

"थी, सर. अब नहीं है."

भोपाळवाल्यांना तो त्यांचा विनय वाटला. एवढा सज्जन माणूस नोकरीच्या शेवटच्या दिवसांत आवाजानं हैराण व्हावा, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. जीपमध्ये चढता चढता ते साहेबांना म्हणाले, "कम्प्यूटर को तो हिला नहीं सकते. बड़े बाबू को हिला सकते हैं."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आदेश आला. बडे बाबूंची दीर्घ सेवा आणि त्यांना होणारा ध्वनीचा त्रास सहानुभूतीनं विचारात घेऊन, त्यांना उरलेल्या काळासाठी शांत ठिकाणी पाठवण्यात येत होतं. झाबुआ जिल्ह्यातल्या त्याच उपकार्यालयात. आदेशाच्या प्रती संगणकावरच काढायच्या होत्या. पंखा खडखडत होता आणि बडे बाबू प्रिंटरपाशी उभे होते. त्यांच्याकडे पाहण्याचं विनोदिनीला धाडस होत नव्हतं. आपण वाचलो याचा आनंदही तिला आता नीटसा होईना.

"मॅडम, तुम्ही तर त्या जागेची सगळी चौकशी करून ठेवली असेल," बडे बाबू हळूच म्हणाले. "तिथं खरंच शांत आहे का हो?"

विनोदिनीला खोटं बोलवेना.

"अगदी शांत आहे, बडे बाबू. तिथं पंखेच नाहीत. अजून लाइटच पोचली नाही."