मैथिलीबाईंनी वीस पैसे घासले ती हकीकत

श्री गणरायांचे उंदराने ज्या डब्यास दात लाविला नाही, त्या डब्याचे कल्याण असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मास, शाळांस सुटी. ते समयी एक दौलत होती, तीस नाव नाही. तिसरे मजल्यावर अडीच खोल्या आणि एक गॅलरी इतका मुलूख. तेथे श्रीमंत भिकाजीराव राहात असत. अडतीस वर्षे एसटीचे कंडक्टरकीत काढून, सारे घाट पालथे घालून, निवृत्त जाहले होते. तिकिटांचे पैशांत जे नाणे जुने अथवा वेगळे येई ते ठेवून घ्यावे, आणि आपले खिशातील तितकेच पैसे सरकारी बॅगेत टाकावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. येणेकरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून नाणी जमली. त्यांत पितळी रंगाचे, कमळाचे वीस पैसे हे पहिले. नोकरीचे पहिले दिवशी पहिले उतारूने दिलेले. श्रीमंतांचा जीव त्यांत.

मग दौलतीचे कारभारी, श्रीमंतांचे चिरंजीव शिरीषराव, यांनी घरास रंग देण्याची मसलत केली आणि कपाटे रिकामी करण्याचा हुकूम जाहला, आणि ते म्हणाले, "बाबा, तो डबा कोणी उघडत नाही. महिनाअखेरीस जुनी नाणी घेणारा माणूस येतोय, त्याला दाखवू." श्रीमंतांनी मनी आणिले की मुलगा खोटे बोलत नाही. डबा विकला जाईल याचे दुःख थोडे. आपल्यामागे तो हौसेने उघडणारा हात घरात एकही नाही, हे दुःख फार. सबब ते म्हणाले, "तोवर पोरांपैकी एकाला जरी गोडी लागली, तर डबा जायचा नाही. कबूल?" शिरीषराव कबूल जाहले.

मग मोहिमेस प्रारंभ जाहला. नातवंडे दोन, मैथिलीबाई वय नऊ आणि ओजसराव वय सहा. उभयतांची छावणी मोबाइलापुढे. पहिले स्वारीस श्रीमंतांनी डबा उघडून धातू, वजन आणि साल यांवर पाऊण तास व्याख्यान दिले, आणि दर नाण्यागणिक "हात लावू नका" म्हणाले, आणि ओजसराव बसले जागी निजले. दुसरे स्वारीस कप्प्यांचा अल्बम विकत आणून दिला, त्यांत उभयतांनी क्रिकेटपटूंची चित्रे भरली. सूनबाई शैलाबाई कनवाळूपणे म्हणाल्या, "मामंजी, राहू द्या आता. आजकालच्या मुलांना नाही आवडत." श्रीमंत हटले नाहीत. "उद्या परत बसायचं," म्हणाले आणि खरेच बसले, आणि ऐसे अकरा दिवस बसले. बारावा दिवस शुक्रवार. शैलाबाईंनी देव घासावयास चिंचेचे पाणी केले होते. मैथिलीबाईंस वाटले, आजोबांचे कमळ काळे पडले म्हणोनच ते उदास असतात, तेव्हा देवांबरोबर तेही उजळून द्यावे. मग नाणे चिंचेत भिजविले, आणि काथ्याने घासले, आणि रांगोळीने पुन्हा घासले, आणि तळहातावर ठेवून हजर केले.

श्रीमंतांनी पाहिले. पन्नास वर्षांची काळसर झाक गेली होती आणि नाणे शर्टाचे नव्या बटणासारखे चकाकत होते. ज्यास हा छंद आहे तो जुने नाणे कधी घासत नाही. आणि अकरा दिवस व्याख्याने देऊन नेमके हेच सांगावयाचे श्रीमंतांकडून राहून गेले होते. डोळ्यांत पाणी आले आणि ओरडा गळ्याशी आला. परंतु समोर पोर हसत उभी. आता ओरडलो तर डबा कायमचा गेला, हे जाणून त्यांनी तो गिळला. तोच मैथिलीबाई म्हणाल्या, "आजोबा, सालाखाली चांदणी आहे. आधी दिसतच नव्हती."

"हैदराबादची खूण," श्रीमंत म्हणाले. "नाणं जिथे पाडतात त्या टांकसाळीची. मुंबईचं असेल तर पत्त्यांतली चौकट. कोलकात्याचं असेल तर काहीच नाही."

"मग बाकीची कुठली?"

श्रीमंतांनी डबा उचलिला आणि फरशीवर पालथा केला. "घ्या हातात. कडेनं धरायचं, आणि घासायचं नाही. घासलं की त्याचं वय पुसलं जातं." मग कंडक्टरकीची जुनी कातडी बॅग ओजसरावांचे खांद्यास अडकविली आणि "चला, हैदराबादवाले पुढे सरका" ऐसी आरोळी दिली, आणि उभयता पोटावर निजून नाण्यांच्या रांगा लावू लागली. मग आईची पर्स धुंडाळली, आणि दूधवाल्याचे सुटे तपासले, आणि खालचे दोन मजले जिंकले, आणि ठिपक्याचे नाणे सापडले ते नोएडाचे निघाले, तेव्हा ओजसराव जेवणाचे ताटावरून उठले.

महिनाअखेर नाणीवाले गृहस्थ आले. त्यांनी कमळाचे नाणे उचलून अंगठ्याने चोळिले आणि म्हणाले, "हे घासलंय. याला भाव नाही."

"काका, कडेनं धरा ना," मैथिलीबाई म्हणाल्या.

गृहस्थांनी नाणे कडेने धरिले. शिरीषरावांनी कन्येकडे पाहिले आणि म्हणाले, "बाबा, डब्याचं कपाट आहे तसं राहू दे. त्यामागची भिंत नाही रंगवली तरी चालेल."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. भिंतीचा एक चौकोन जुन्या रंगाचा राहिला. अल्बमाचे पहिले कप्प्यात चकचकीत वीस पैसे आहेत आणि खाली मैथिलीबाईंचे हस्ताक्षरात चिठी: "हे मी घासलं. आजोबा रागावले नाहीत. आता कोणी घासू नये." लिहिले ते खरे, पाहिले तितके लिहिले.