पाव तासाचं थोरलेपण

सात पिढ्या! आमच्या घराण्याच्या तब्बल सात पिढ्या शोधून काढीन आणि बाबांच्या पंचाहत्तरीला ती वंशावळ चौकटीत घालून भिंतीवर टांगीन, असं मी जेवताना जाहीर केलं. बायकोनं नुसतं मीठ पुढे सरकवलं.

“अहो, तुम्हाला तुमचा चष्मा सापडत नाही, खापरपणजोबा कुठून सापडणार?”

“मी विमा कंपनीत दावे तपासतो,” मी ताठ बसून म्हणालो. “जळालेल्या गोदामात मुळात माल होता की नाही, हे मी राखेवरून सांगतो. पणजोबा म्हणजे काय चीज आहे!”

मंडळी, माणसानं बोलताना जरा इकडेतिकडे बघून बोलावं. पण मला कोण सांगणार?

आता आमच्या घरची राज्यव्यवस्था समजून घ्या. बाबा आणि आत्या ही जुळी भावंडं. बाबा पाव तास आधी जन्मले, असं बाबा सांगत, आजी मान डोलवत असे आणि आत्या त्यांना ‘दादा’ म्हणत असे. एवढ्या पाव तासाच्या भांडवलावर बाबांनी जन्मभर राज्य केलं. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या खिशात, गाडीत पुढची सीट त्यांची, वर्तमानपत्राची घडी आधी तेच मोडणार आणि चुलतभावांच्या भांडणांचा निवाडाही तेच करणार. आत्या निवृत्त ग्रंथपाल. खालच्या मजल्यावर एकटी राहते. काहीही विचारलं की “दादा म्हणेल तसं” म्हणायची आणि जाडजूड कादंबरी घेऊन खुर्चीत रेलायची.

तर मी रजा टाकली आणि जुनी दप्तरं ठेवलेल्या सरकारी कार्यालयात गेलो. पणजोबा काही भेटले नाहीत. त्यांच्या काळच्या वह्या वाळवीनं माझ्याआधीच वाचून संपवल्या होत्या. पुढच्या एका जनगणनेत मात्र आजोबांचं घर सापडलं! कुटुंबप्रमुख, पत्नी, त्याखाली ‘मुलगी, वय सात’ आणि त्याखाली ‘मुलगा, वय सात’.

“बाई, इथे क्रम उलटा झालाय,” मी तिथल्या कारकूनबाईंना म्हणालो.

“क्रम वयाचा असतो साहेब. थोरलं वर, धाकटं खाली.”

“अहो, जुळी आहेत ती!”

“जुळी झाली म्हणून काय हातात हात घालून बाहेर येतात?”

पण एका कागदावर विश्वास ठेवेन तर मी विम्यातला कसला? मी आजोबांचं मृत्युपत्र काढलं. आजोबा गेले तेव्हा ही दोघं जेमतेम नऊ वर्षांची, त्यामुळे कागदपत्रं सगळी आजीनंच पाहिलेली. त्यात लिहिलं होतं, ‘खालचा मजला माझ्या थोरल्या मुलीस, वरचा धाकट्या मुलास.’

शेवटची आशा म्हणून दफनभूमीत गेलो. आजोबांच्या कबरीवरचा दगड खालच्या बाजूनं जमिनीत रुतलाय, हे लहानपणापासून बघत आलो होतो. खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसलो आणि माती उपसायला लागलो. शेजारच्या कबरीवर फुलं ठेवायला आलेल्या एक आजीबाई थबकल्या.

“काय शोधताय हो?”

“माझे वडील धाकटे आहेत का, ते बघतोय.”

आजीबाई फुलं तिथेच टाकून फाटकाकडे निघाल्या, त्या मागे वळून न बघता! इकडे मातीतून ओळ वर आली. ‘मागे पत्नी, थोरली कन्या व धाकटा पुत्र.’

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. “आता तोंडाला कुलूप लावा. बाबांना कळलं तर पंचाहत्तरीचा केक त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही.”

कुलूप मी लावलं होतं हो! पण मंगळवारी बाबा माझ्या टेबलाशी आले आणि वंशावळीच्या कच्च्या कागदावर वाकले.

“ही माझ्या आधी कशी? थोरला डावीकडे लिहितात. खोड ते.”

“हो बाबा. म्हणजे… नाही बाबा. म्हणजे…”

जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या माणसाला स्वतःला खोटं बोलता येत नाही, हा आमच्या धंद्याचा शाप आहे. अर्ध्या कपभर चहात सगळं बाहेर आलं. बाबा चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.

“म्हणजे मी तिच्यावर जन्मभर उगाचच गुरगुरलो,” ते हळू आवाजात म्हणाले आणि उठून गेले. मला इतकं वाईट वाटलं, की ती वंशावळ फाडून गिळून टाकावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाली गेले. पाठोपाठ मी. बाबांनी किल्ल्यांचा जुडगा आत्याच्या पुढ्यात ठेवला.

“ताई,” बाबा म्हणाले, “आजपासून घर तुझं.”

आत्याच्या हातातला चहा बशीत, बशीतला कादंबरीवर!

“दादा, डोकं फिरलंय का तुझं?”

“दादा नको म्हणूस. मी धाकटा. पहाटे पाणी येतं तेव्हा पंप लावायचा. छप्पर गळतंय, त्या दुरुस्तीवाल्याच्या मागे लागायचं, तो फोन उचलत नाही. आणि चुलतभाऊ कुंपणाच्या भिंतीवरून भांडतायत, त्यांना तुझ्याकडे पाठवतो.”

बाबा वर गेल्यावर आत्या माझ्यावर उखडली. “कुणी सांगितलं होतं तुला उकरायला? मेलेली माणसं बिचारी शांत पडली होती!”

भावाच्या दुःखानं तिचा जीव तुटतोय, असं मला वाटलं. आणि बाबांचं काय सांगू! नऊ नऊ वाजेपर्यंत अंथरुणात. उठले की खिडकीत बसून शीळ घालायची.

“फार मोठा धक्का बसलाय,” बायको कुजबुजली. “शीळ घालतायत बघा. आधी कधी घातली नव्हती.”

मी पुन्हा त्या कार्यालयाकडे धाव घेतली. चूक, खाडाखोड, शाईचा डाग, काहीतरी निघू दे आणि बाबा पुन्हा थोरले होऊ देत! कारकूनबाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

“साहेब, इथे लोक वय कमी करायला येतात. बापाचं वाढवायला आलेले तुम्ही पहिलेच.”

मी हात हलवत परत आलो. दारातच चुलतभाऊ आत्याच्या दोन बाजूंना उभे राहून भिंतीवरून ओरडत होते, वर छपरावर दुरुस्तीवाला ओरडत होता आणि मधे आत्या दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. कादंबरी त्याच डागाळलेल्या पानावर उघडी पडली होती.

रविवार उजाडला. केक आला, मेणबत्त्या लागल्या. बाबांनी सुरी आत्यापुढे धरली.

“ताई, आधी तू काप. थोरल्याचा मान.”

आत्यानं सुरी अशी आपटली, की दोन मेणबत्त्या विझल्या.

“खड्ड्यात गेला तुझा मान! मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे, मी थोरली आहे म्हणून!”

बायकोनं सुरी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

“आईनंच सांगितलं. अगदी लहान असताना तुला कुणी धाकटा म्हटलं की तू जमिनीवर लोळायचास, घास घ्यायचा नाहीस. आई म्हणाली, त्याला दादाच म्हणत राहा, पोटभर जेवेल तरी. म्हणून म्हणत आले!”

बाबांचे डोळे भरून आले. माझेही आले. “माझ्यासाठी एवढं केलंस, ताई?”

“पहिली दोन वर्षं तुझ्यासाठी,” आत्या म्हणाली. “मग कळलं, थोरल्यानं पहाटे उठायचं, सगळ्यांचं निस्तरायचं, आणि धाकटीनं आरामात वाचत बसायचं. असली जागा कोण सोडतंय! या चार दिवसांत माझं कंबरडं मोडलं रे. धर तुझ्या किल्ल्या!”

बाबांनी झटकन दोन्ही हात पाठीमागे नेले.

“छे छे! जन्मात पहिल्यांदा पोटभर झोपलो मी या आठवड्यात! मी धाकटाच बरा आहे.”

म्हणजे ती शीळ दुःखाची नव्हती! मी इकडे त्यांच्या काळजीनं वाळलो आणि हे तिकडे मजा मारत होते. जुडगा टेबलावर या टोकाकडून त्या टोकाला सरकत राहिला. अचानक तो मधेच थांबला. दोघंही माझ्याकडे बघत होती. बायकोनं धोका ओळखून आपली खुर्ची माझ्यापासून लांब नेली.

“घराण्याची फार हौस आहे ना याला?” आत्या म्हणाली. “पुढच्या पिढीत थोरला कोण?”

“मी एकुलता एक आहे!” मी ओरडलो.

“म्हणजे थोरलाच की!” दोघं एका सुरात म्हणाली.

सोमवारी जेमतेम झुंजुमुंजू झालं होतं. खालून आत्याची हाक आली, “दादा! अरे दादा, पाणी आलं!” चला, म्हातारीला दया आली, सगळं पूर्ववत झालं, असं वाटून मी आनंदानं बाबांना हलवलं.

“मला काय उठवतोस, दादा?” बाबा पांघरुणातूनच म्हणाले. “हाक तुला मारतेय ती. पळ लवकर, पाणी जाईल.”