अ, ब आणि रिकामी पुडी

आमच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांची लिफ्ट बंद पडली. वास्तविक तिचा दोर झिजला होता. परंतु दोर बदलण्याचा अधिकार चौकशी समितीला नसल्यामुळे, कर्मचाऱ्यांचं वजन वाढलं आहे, असा निष्कर्ष निघाला.

सबब, वजन घटवणाऱ्या दोन संयुगांच्या गोळ्यांची तुलना करायचं ठरलं. निम्म्यांना 'अ', निम्म्यांना 'ब'. कार्यालयाचे डॉक्टर म्हणाले, "तुलनेसाठी काहीच न घेणारा एक माणूसही लागतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीच न करण्याचा माझा अनुभव दांडगा.

मला फक्त लिफ्ट हवी होती हो! जुन्या फायलींची माझी खोली पाचव्या मजल्यावर, आणि गुडघे पहिल्याच जिन्यात हात टेकतात. पण गोळीवाले जिने चढले, तर वजन गोळीने उतरलं की जिन्याने, हे कळणार कसं? म्हणून त्यांना साहेबांची लिफ्ट खुली झाली. भुकेची नोंद व्हावी म्हणून बिस्किटांच्या बश्या आल्या. मला मात्र काहीच द्यायचं नाही, असा लेखी आदेश होता. त्यात लिफ्टही आली आणि बिस्किटंही.

घरी बायको म्हणाली, "अहो, पँट दोरीने बांधायची वेळ आली! देतात तरी काय तुम्हाला तिथे?"

"काही नाही."

"बरं, माझ्यापासूनही लपवा!"

शेवटी वजनं झाली. 'अ'वाले फुगले, 'ब'वाले त्याहून फुगले, आणि मी पार वाळलो.

साहेब खूश झाले. "म्हणजे तिसरं संयुग सरस ठरलं!"

"साहेब, मी काही घेतलंच नाही. नुसते जिने चढलो."

"नम्रता पुरे. डॉक्टर, याला 'क' म्हणा."

"अहो, गुडघे गेले माझे! तेवढी लिफ्ट दुरुस्त करा!"

"गुडघे हा दुष्परिणाम. वेष्टनावर बारीक अक्षरात छापू."

आता 'क'च्या रिकाम्या पुड्या वाटल्या जातात. गोळीवाले त्या घेऊन लिफ्टने वर जातात. माझ्यावर पुढचा अभ्यास चालू आहे, म्हणून माझी मात्रा दुप्पट केली आहे. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून पुन्हा चढायचं. बायकोनेही शेजारणीसाठी दोन पुड्या मागितल्या आहेत.

हसा, हसा! पण मघापासून पोट आत ओढून वाचताय, ते दिसतंय मला. ठेवू का एक पुडी बाजूला?