सुभेदारांचा नन्नाचा पाढा

आमच्या घरमालकांना, म्हणजे सुभेदारांना, इंग्रजीतले फक्त नकार येत. उभी हयात फौजेत गेली, पण इंग्रजी म्हणून पेन्शनीबरोबर साताऱ्याला आणलं ते एवढंच. बाजारातली वांगी 'अनसर्व्हिसेबल', एस.टी. 'इर्रेग्युलर', गल्लीतली कुत्री 'इनडिसिप्लिन' आणि सायकलवरून पडणारा त्यांचा भाडेकरू, म्हणजे मी, कायमचा 'अनफिट'. नुसतं 'फिट' त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. त्यामुळे मला इंग्रजी येतं असा गावात एक समज होता, मुख्यतः माझाच.

"मास्तर, लय सोपं हाय," सुभेदार ओट्यावर बसून मला शिकवत. "फुडं 'अन' नायतर 'इन' लागला, की समजायचं, काम न्हाई व्हणार."

मी अपवाद सांगू लागलो की म्हणत, "ते तुमच्या शाळंत. फौजंत अपवाद नसतोय."

एकदा स्नेहसंमेलनात हेडमास्तर भाषणात मला 'इनव्हॅल्युएबल' म्हणाले. मी तरंगतच घरी आलो आणि ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं बायकोला ते सांगितलं. थोड्याच वेळात सुभेदार दारात हजर. चेहरा दुखवट्याला आल्यासारखा.

"वाईट झालं, मास्तर. किंमत न्हाई म्हणाला व्हय? आन् ते बी भर सभेत?"

मी 'अनमोल' हा अर्थ समजावला. डिक्शनरी काढून दाखवली. "छापणाऱ्यानं चूक केलीया," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली माझं सांत्वन करून गेली. शेवटी बायकोनंही विचारलं, "पण अहो, हेडमास्तरांना नेमकं म्हणायचं काय होतं?"

सुभेदारांच्या बायको, काकू, तेवढ्या माझ्या बाजूच्या. "आवं, मास्तर शिकल्यालं मानूस. ते कशाला खोटं सांगत्यात?" नवऱ्याचं इंग्रजी म्हणजे नुसता मोठा आवाज, असं त्यांचं ठाम मत होतं.

पुढं काकूंचं पोट दुखू लागलं. खंगतच गेल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं. "तुमी बी चला," सुभेदार मला म्हणाले. "तिथं डाक्टर इंग्रजीत बोलत्यात." माझ्या इंग्रजीचा एवढा मान आजवर कुणी राखला नव्हता. मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, शेजारच्या डॉक्टरांना हलक्या आवाजात "इनऑपरेबल" म्हणाले आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

बाकावर टेकताच काकूंनी मलाच विचारलं. "मास्तर, काय म्हणालं वो डाक्टर? ऑपरेशनचं कायतरी म्हणालं न्हवं?"

मी तोंड उघडलं. वर्षानुवर्षं पोरांकडून हेच शब्द घोकून घेणारा मी, पण शर्टाची बाहीच सारखी करू लागलो.

"त्यांला काय इचारतीस?" सुभेदार गरजले. "इनऑपरेबल म्हंजे ऑपरेशनची गरजच न्हाई. औषधानं भागतंय. फौजंत ह्योच अर्थ हाय." मग ते माझ्याकडे वळले. मान ताठ होती, पण खालचा ओठ थरथरत होता. "काय मास्तर? बरुबर न्हवं?"

'इन' लागला की काय समजायचं, हे त्यांना माझ्याहून पक्कं ठाऊक होतं. आणि काकू विश्वास ठेवतील तो माझ्याच शब्दावर, हेही. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बरोबर," मी म्हणालो. "सुभेदार म्हणतात तोच अर्थ."

काकूंचा चेहरा उजळला. "म्हंजे येतंय म्हणायचं ह्यांला इंग्रजी! चला तर मग घरला. वाल सोलायचं ऱ्हायल्यात."

त्या पायानं चपला चाचपू लागल्या. रस्त्यानं बायकोच्या चार पावलं पुढं चालणारा हा माणूस सगळ्यांदेखत फरशीवर बसला आणि काकूंच्या सुजलेल्या पायात चप्पल अडकवू लागला. अंगठा काही केल्या आत जाईना.

"आवं, उठा की," काकू लाजून म्हणत होत्या. "लोक बघत्यात."

चप्पल केव्हाच बसली होती. सुभेदार त्यांचा पाय धरून मान खाली घालून तसेच बसून राहिले.