काडीच्या तोंडचं एक वाक्य

मंगळवारी सकाळी कार्टून मालिकेच्या लेखकाने एक वाक्य लिहिलं आणि वाहिनीच्या कार्यालयात गंभीर परिस्थिती निर्माण झाली. वाक्य असं होतं : "तू नसलास की मला करमत नाही रे." त्यात शिवी नव्हती, धर्म नव्हता, राजकारण तर औषधालाही नव्हतं. तरीही ते आक्षेपार्ह ठरलं, कारण ते एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला उद्देशून, दारू न पिता आणि पूर्ण शुद्धीवर असताना म्हटलेलं होतं.

मालिका चौदा वर्षं चालली होती. तिच्यात ढोल्या आणि काडी असे दोन मित्र. ढोल्या जाड, काडी बारीक, आणि पहिल्या दहा वर्षांचा विनोद एवढ्या भांडवलावर निघाला होता. दोघं समोरासमोरच्या घरांत राहायचे, दर भागात कडाकडा भांडायचे, विसाव्या मिनिटाला एक व्हायचे आणि पुढच्या आठवड्यात काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा भांडायचे. गेल्या आठवड्यात काय झालं ते कुणालाही आठवायचं नाही, हा मालिकेचा पहिला नियम होता.

ढोल्याला आवाज देणारा नट अंगाने अगदी फाटका होता. तो लेखकाचा जिवलग मित्र. 'जिवलग' हा शब्द लेखकाच्या बायकोचा. लेखकाने तो कधी वापरला नव्हता. चौदा वर्षं दोघं एका टेबलावर जेवत होते, एकमेकांच्या डब्यात न विचारता हात घालत होते. नट निघाला की लेखक म्हणायचा, "मर तिकडे." नट म्हणायचा, "तू आधी." यापलीकडे बोलण्याची दोघांनाही कधी गरज वाटली नाही.

मागच्या आठवड्यात लिफ्टची वाट बघता बघता नटाने सांगितलं की घशात गाठ आहे, येत्या शुक्रवारी ऑपरेशन, आवाज राहील की जाईल ते डॉक्टर सांगत नाहीत. लेखक ताबडतोब म्हणाला, "बरं झालं, कानाला तेवढीच विश्रांती." दोघं खो खो हसले. मग लेखक घरी गेला आणि पानावर नुसता बसून राहिला. पोट बिघडलंय, असं त्याने सांगितलं. बायकोने त्याचं पोट बावीस वर्षं ओळखलेलं होतं. ती म्हणाली, त्याला सरळ सांग ना, तुझ्या काळजीने घास उतरत नाही म्हणून. लेखकाने तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने त्याला चौकात कपडे काढायला सांगितलं होतं.

पण त्याला एक युक्ती सुचली. काडीचा नट परगावी असायचा आणि आपले संवाद नंतर सवडीने रेकॉर्ड करायचा. तोवर ढोल्याच्या नटाला समोर कुणीतरी बोलणारं हवं, म्हणून काडीची वाक्यं लेखकच माइकवर वाचायचा. तशी पद्धतच पडली होती. म्हणजे काडीच्या तोंडी ते वाक्य घातलं, की गुरुवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, लेखकाला ते आपल्या मित्राच्या डोळ्यांत बघून म्हणता येणार होतं. अधिकृतपणे, कागदावरून, कसलीही जबाबदारी न घेता. गुरुवारपर्यंत फक्त वाक्य मंजूर व्हायला हवं होतं.

योगायोग असा की वाहिनीने 'संवेदनशील पुरुष सप्ताह' जाहीर केला होता आणि या भागाचा विषयच मैत्री व मर्दानगी ठरला होता. त्यासाठी निकष समिती नेमली होती. अध्यक्ष एक बाई होत्या, अतिशय समजूतदार. त्यांच्या उजव्या हाताला संशोधन अधिकारी बसायचा. त्याच्याकडे प्रत्येक भावनेची टक्केवारी होती.

बाईंनी वाक्य वाचलं आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले. त्या म्हणाल्या, फार सुंदर आहे, आपण याला अजिबात धक्का लावायचा नाही, फक्त ते नियमात बसवू.

संशोधन अधिकाऱ्याने नियम सांगितला. पुरुष पुरुषाशी मनातलं बोलू लागला, की पुरुष प्रेक्षकाला रिमोट सापडायला चार सेकंद लागतात. सबब पाचव्या सेकंदाच्या आत कुणीतरी पडलं पाहिजे. याला 'भावना-विनोद अंतर' म्हणतात. लेखकाने मान्य केलं. वाक्य संपताच ढोल्या जिन्यावरून गडगडत खाली जाईल असं ठरलं.

मग स्थळाचा प्रश्न निघाला. परिशिष्ट दोनप्रमाणे पुरुषांची मनं बंद पडलेल्या लिफ्टमध्ये किंवा मृत्यू समोर दिसत असतानाच मोकळी होतात. एरवी उघडल्यास ते अस्वाभाविक वाटतं. लेखकाने लिफ्ट निवडली. लिफ्टमध्ये जिना नसतो, म्हणून ढोल्या लिफ्टच्या फटीत अडकेल असं ठरलं. डोळ्यांत पाणी आणायला परवानगी होती, पण थेंब गालाच्या मध्यापर्यंतच. हनुवटी गाठल्यास शेजारी कापलेला कांदा दाखवणं बंधनकारक होतं. बंद लिफ्टमध्ये कांदा कोण चिरत बसलंय, हे लेखकाने विचारलं नाही. गुरुवार जवळ येत होता.

मिठी दोन सेकंदांची, पाठीवर तीन थापा, थापांचा आवाज आला पाहिजे. तिसऱ्या सेकंदाला लिफ्टचं दार उघडून शेजारीण बघेल आणि तिचा गैरसमज होईल. बुधवारी दुपारपर्यंत एवढं सगळं वाक्याभोवती उभं राहिलं आणि वाक्य अजून शाबूत होतं. लेखकाला धन्य धन्य वाटलं.

तेवढ्यात संशोधन अधिकाऱ्याने चष्मा पुसला. सगळं ठीक आहे, तो म्हणाला, फक्त ढोल्या त्या वेळी जागा असणं धोक्याचं आहे. जागा असेल तर त्याला उत्तर द्यावं लागेल, आणि दोन पुरुष सलग दोन वाक्यं असं बोलले, तर त्याची आकडेवारीच उपलब्ध नाही. तेव्हा त्याला झोप लागलेली दाखवा. घोरू दे.

"पण मग त्याला ऐकू कसं जाणार?" लेखकाने विचारलं.

"त्याला ऐकू जायची काय गरज आहे?" बाई प्रेमाने म्हणाल्या. "प्रेक्षकांना ऐकू गेलं म्हणजे झालं."

लेखकाने याही अटीवर सही केली. ढोल्या झोपेल, पण ढोल्याचा नट तर जागा असेल ना, असा त्याने हिशेब केला. घोरताना का होईना, तो समोर उभा राहून ऐकेल. तेवढ्यावर लेखक कबूल होता. आपण या वयात एका वाक्यासाठी किती खाली आलो, याची त्याला लाजही वाटली.

आता एकच सही बाकी होती. ज्या नटाच्या पात्रासमोर भावना व्यक्त व्हायची, त्याची ना-हरकत लागायची. नटाला बोलावणं गेलं. तो आला, खुर्चीत बसला, चष्मा लावला आणि पान वाचलं. मग तेच पान पुन्हा वाचलं. त्याचे कान लाल झाले. त्याने मान वर करून लेखकाकडे क्षणभर बघितलं, आणि लेखक छताकडे बघू लागला.

"असलं कोण बोलतं हो?" नट घोगऱ्या आवाजात बाईंना म्हणाला. "काढून टाका. ढोल्याला उगाच अवघडल्यासारखं होईल."

समितीने सुटकेचा निःश्वास टाकला. आता त्या जागी काय घालायचं, असा प्रश्न आला, तेव्हा एका क्षणाचाही विलंब न लावता लेखकच म्हणाला, "मर तिकडे, जाड्या." टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, किती सहज, किती खरं. संशोधन अधिकाऱ्याने सांगितलं की या वाक्याला शंभर टक्के पुरुषांनी पसंती दिलेली आहे. नटानेही टाळी दिली, जरा जास्तच जोरात.

गुरुवारी दोघं काचेच्या खोलीत समोरासमोर उभे राहिले. नट घोरू लागला. लेखकाने कागद धरला आणि वाचलं, "मर तिकडे, जाड्या." बाहेरून ध्वनिमुद्रकाने सांगितलं, सर, आवाज फाटला, परत. दुसऱ्यांदा फाटला, तिसऱ्यांदाही. नट घोरायचं थांबवून म्हणाला, याला सर्दी झालीय, पाणी द्या याला. चौथ्या वेळी जमलं. त्यानंतर वाहिनीने खबरदारीचा उपाय म्हणून नटाकडून साठ्याचा माल भरून घेतला : हसू लहान, मध्यम आणि मोठं, प्रत्येकी पाच, शिंका तीन, जांभया दोन. रडणं यादीत नव्हतं. मालिकेत त्याला मागणी नव्हती.

शुक्रवारी गाठ निघाली. आवाजही तिच्याबरोबर गेला.

दवाखान्यात बायकोने लेखकाला अक्षरशः ढकलून आत पाठवलं आणि दार ओढून घेतलं. खोलीत दोघंच. समिती नाही, अधिकारी नाही, शेजारीण नाही. लेखकाने पंख्याची, पावडरच्या दुधाची आणि समोरच्या बांधकामाची चौकशी केली. नट उशीला टेकून ऐकत होता. मग त्याने मांडीवरची वही ओढली, बराच वेळ लिहिलं आणि वही लेखकासमोर धरली. वहीत होतं : "ते वाक्य काडीचं नव्हतं ना?"

लेखकाने ते वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोरून विचारलं गेलं होतं, आणि ऐकायला समोरचा पूर्ण जागा होता.

"कुठलं वाक्य रे?" लेखक म्हणाला.

नटाने वही परत घेतली, ती ओळ नीट खोडली आणि खाली लिहिलं, "काही नाही. औषधाचा अंमल." लेखक हसला, त्याच्या पाठीवर तीन थापा मारल्या आणि बाहेर आला. बायकोने विचारलं, सांगितलंस? तो म्हणाला, हो, बोललो बराच वेळ.

तो भाग वर्षातला सर्वाधिक पाहिलेला भाग ठरला. पुरुषांच्या भावविश्वाचं निर्भीड चित्रण केल्याबद्दल त्याला मानचिन्ह मिळालं आणि लेखकाने ते स्वीकारताना संवादाचं महत्त्व या विषयावर पंधरा मिनिटं भाषण केलं.

केवढा भेकड माणूस, असं तुम्ही आता म्हणत असाल. म्हणा. वाचता वाचता तुम्हालाही कुणीतरी एक आठवला आहे, हे संशोधन अधिकाऱ्याला ठाऊक आहे. त्याच्याकडे तुमचीही टक्केवारी आहे. त्या आठवलेल्या माणसाला फोन करावा असं तुम्हाला वाटलं, ते चार सेकंद टिकलं. आता तुम्ही फार तर ही गोष्ट त्याला पाठवाल, सोबत स्वतःचा एक शब्दही न लिहिता, वाचणाऱ्याने हसण्यावारी न्यावी अशी एक हसरी बाहुली चिकटवून. तो वाचेल. त्यालाही तुम्हीच आठवाल. आणि तो उलट टपाली तुम्हाला अंगठा पाठवेल.