दाजींनी लपवलेला डबा

"यंदा आखाजीला माहेरी जायचं नाही," इंदिराबाईंनी फोन खाली ठेवत सांगितलं आणि लाटलेली पोळी तव्यावर टाकायच्या ऐवजी परत परातीत टाकली.

रुपचंदभाऊ पेपर वाचत होते. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. नातवंडं झालेली बाई आखाजीला रावेरकडे माहेरी जायला निघते, याचं जळगावच्या कॉलनीतल्या नवख्या शेजाऱ्यांना हसू यायचं. पण खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते ती लेक म्हणून. तिचे गुडघे दुखतात का, हे तिथे कोणी विचारत नाही. झोका बांधलेला असतो, तिने बसायचं.

"झालं काय?"

"चुडामण आणि सुकदेव परत भांडले. दगड सरकवला म्हणे."

"कोणता दगड?"

"निंबाखालचा. बांधाच्या टोकाचा. मागच्या आखाजीला मी दोघांच्या हातून बसवून घेतला होता ना, तो."

रुपचंदभाऊंनी पेपर जरा वर धरला. चेहरा झाकायला तेवढा पुरतो.

इंदिराबाईंचे हे दोन धाकटे भाऊ, त्यांत चुडामण थोरला. वडील गेले, वाटणी झाली आणि केळीच्या बागेतल्या बांधावरून बोलणं बंद झालं. एकाच ओट्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्या वर्षांत इंदिराबाई आखाजीला जायच्या, तेव्हा एका घरी मांडे खायच्या, दुसऱ्या घरी आमरस प्यायच्या आणि दोन्हीकडे सांगायच्या की तिकडे मी पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. शेवटी मागच्या वर्षी त्यांनी दोघांना शेतात नेलं, निंबाखाली दगड ठेवायला लावला, नारळ फोडला, आणि रडून घेतलं. भाऊही रडले. भिंतीत दार झालं.

या सोहळ्याला जावई हजर नव्हते. मांडे आणि आमरस यांच्यानंतर ते आतल्या खोलीत झोपले होते. इतके गाढ, की निंबाखालचा तो दगड म्हणजे साधा दगड नाही, हे त्यांना आज पेपरमागे कळलं.

कारण तो दगड त्यांनीच हलवला होता.

त्याचं असं झालं. रुपचंदभाऊ ऑफिसातून निवृत्त झाल्यावर घरात फार दिसू लागले. तेव्हा हैदराबादच्या योगेंद्रने, त्यांच्या मुलाने, वडील चालते-फिरते राहावेत म्हणून मोबाइलवर एक खेळ घालून दिला. जगभर लोक म्हणे डबे लपवतात. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टाकतात. बाकीच्यांनी उपग्रहाच्या आधाराने तिथे जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं. बस. कोणाचं काही जात नाही, कोणाला काही मिळत नाही. इतका निरुपद्रवी छंद माणसाला क्वचित सापडतो, असं त्यांना वाटलं. अजून वाटतं. पण आता ते तसं बोलत नाहीत.

पहिला डबा ते शोधायला गेले नशिराबादजवळच्या एका मोरीखाली. म्हातारा माणूस मोरीत वाकलेला पाहून एक मोटारसायकल थांबली.

"काका, काय हरवलं?"

"काही नाही."

त्यावर कोण विश्वास ठेवणार? मोटारसायकलवाला उतरला, मग एक रिक्षावाला, मग शेळ्यांमागची बाई. सगळ्यांनी मिळून शोधलं. डबा सापडला, उघडला, आत नुसता कागद निघाला. मंडळींनी रुपचंदभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून "जाऊ द्या काका, नशिबात नव्हतं" म्हणून सांत्वन केलं आणि पाणी पाजलं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, आपण स्वतः डबा लपवायचा आणि जिथे चौकशी करणारं कोणी नाही अशा जागी लपवायचा. माघात सुकदेवच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले, तेव्हा जागा मिळाली. निंबाचं झाड, शांत बाग, खाली गोल गुळगुळीत दगड. जमिनीच्या मालकाला विचारावं असा खेळाचा नियम होता. पण सासुरवाडीत जावयाने परवानगी मागायची, हे त्यांच्या गावच्या, साक्रीच्या संस्कारात बसत नव्हतं. त्यांनी दगड लोटला, खड्डा केला, मध्ये निंबाचं मूळ आलं म्हणून खड्डा हातभर पलीकडे घेतला, डबा ठेवला आणि वर दगड छान बसवला. हातभर पलीकडे. सुकदेवच्या बाजूला.

ठिबकच्या नळ्या अंथरताना सुकदेवला तो हातभर दिसला. शेतकऱ्याला बायकोची नवी साडी दिसणार नाही, पण बांध हातभर हलला की दुरून दिसतो.

"थोरल्यानेच सरकवला असं सुकदेव म्हणतो," इंदिराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दाराला परत कुलूप लागलं. आता मी कोणाच्या दारात उतरू हो?"

सांगून टाकावं, असं रुपचंदभाऊंना वाटलं. त्यांनी तोंडही उघडलं. पण परातीतली ती गोळा झालेली पोळी पाहिली आणि म्हणाले, "मला आज बँकेत काम आहे."

तिथेच चुकलं. तेव्हा सांगितलं असतं तर एक दिवस अबोला, फार तर दोन. पण गुपचूप निस्तरता येईल असं वाटणं, हा मध्यमवर्गीय माणसाचा जुना आजार आहे.

बँकेऐवजी ते रावेरच्या एसटीत बसले. भर दुपारी, अख्खं गाव ओसरीवर आडवं झालेलं असताना, ते बागेत शिरले. दगड मूळ जागी ठेवायचा एवढंच काम. पण मूळ जागा कोणती? माघात दगड लोटण्याआधी त्यांनी ती जागा मोबाइलवर टाकली होती, म्हणून त्यांनी मोबाइल काढला. केळीच्या पानांखाली उपग्रहाचा बाण आधी उजवीकडे गेला, मग डावीकडे, मग स्वतःभोवती फिरला आणि शेवटी चुडामणच्या बाजूला स्थिरावला. रुपचंदभाऊंनी विज्ञानावर विश्वास ठेवला. घामाने निथळत दगड लोटला आणि समाधानाने परतीची एसटी पकडली.

संध्याकाळी फोन आला. या वेळी चुडामणचा, आणि स्पीकर लावायची गरज नव्हती.

"अक्का! तुह्या लाडक्या भावाने काय केलं माहीत हाये का? माह्यावर आळ घेतला, अन् दुपारी सोता दगड माह्या केळीत आणून ठेवला! पुरी ओळ खाल्ली! आता कोर्टातच पाह्यतो त्याले!"

मागून, भिंतीपलीकडून, सुकदेव ओरडत होता, "मी घरी झोपेल व्हतो! देवाशप्पथ!"

"तू झोपेल व्हता, तं दगड चालत आला का रे चोट्ट्या?"

इंदिराबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या पायजम्याला रावेरची काळी माती लागलेली होती.

"बँकेत काय पेरलंत?" त्यांनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. इंदिराबाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी फक्त पिशवी भरली. "चला. माझ्या भावांच्या समोर, झाडाखाली उभं राहून सांगा."

दुसऱ्या दिवशी निंबाखाली रुपचंदभाऊंनी कबुली दिली. गंभीर प्रसंगी त्यांची भाषा आपोआप साक्रीच्या अहिराणीवर जायची. "बठ्ठी चूक मनी शे," सगळी चूक आपली म्हणत त्यांनी हात जोडले, आणि मग छंद समजावून सांगितला.

दोघे भाऊ ऐकत राहिले. वर्षभरात उघडून बंद झालेल्या दाराच्या दोन बाजूंचे हे दोघे, पण चेहरे मात्र अगदी सारखे दिसत होते.

"म्हंजे, दाजी," चुडामण सावकाश म्हणाला, "अमेरिकेतला माणूस तुमचा डबा हुडकाले रावेरले येईन?"

"येऊ शकतो."

"अन् सापडल्यावर त्याले काय भेटन?"

"काही नाही. कागदावर नाव लिहायचं."

"नाव लिव्हाले तो अमेरिकेहून येईन," सुकदेव म्हणाला. "दाजी, आम्ही येडे दिसतो का?"

"डबा आहे ना! उकरून बघा!"

उकरलं. डबा निघाला. इथे सगळं मिटायला हवं होतं. पण डबा होता श्रीखंडाचा, आणि झाकणावर चुडामणच्या नेहमीच्या मिठाईवाल्याचं नाव. सुकदेवने तो उलटापालटा करून पाहिला. त्याचा चेहरा बदलत गेला.

"हा डबा थोरल्याच्या घरचा हाये."

"मग?" चुडामण म्हणाला. "साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दाजी माह्याकडे जेवले. श्रीखंड आणलं व्हतं. डबा मागितला, देला."

"साखरपुडा माह्या पोरीचा, अन् श्रीखंड तुह्याकडे! आता समजलं. श्रीखंड चारलं, डबा देला, अन् दगड सरकवून घेतला! दाजी, तुम्ही इकले गेले? तेही श्रीखंडावर?"

"अरे, आम्रखंड होतं," रुपचंदभाऊ म्हणाले. खरं बोलण्याची ही वेळ नव्हती.

सरकारी मोजणीला वेळ लागला असता, म्हणून दोघा भावांनी मिळून खासगी मोजणीवाला आणला. भांडणानंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. तिपाईवर यंत्र लागलं. खालच्या शेताचा मालक झुलाल, ज्याचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, तो करमणूक म्हणून आपल्या हद्दीत उकिडवा बसला होता. मोजणीवाल्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं, नकाशा पाहिला, पुन्हा मोजलं, आणि डोक्याला हात लावला.

"तुमचा दोघांचा बांध निंबाच्या अलीकडेच संपतो," तो म्हणाला. "हा निंब, हा दगड आणि या खालच्या केळीच्या ओळी, हे तुमच्यापैकी कोणाचंच नाही. हे झुलालचं आहे."

झुलाल उठला. आधी त्याने निंबाकडे पाहिलं, मग केळीकडे, मग सरळ रुपचंदभाऊंकडे आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"दाजी, माह्या बापाले जे जमलं नाही ते तुमच्या डब्याने केलं!"

आखाजीच्या आदल्या आठवड्यात झुलाल जळगावला घरी आला आणि केळीचा भलामोठा घड ओसरीवर ठेवून गेला. त्याच ओळींतला. इंदिराबाईंनी त्यातलं एकही केळं खाल्लं नाही. रुपचंदभाऊंनी खाल्ली. टाकून देणं बरं दिसत नव्हतं. पण एकेक केळं घशाखाली उतरताना सासुरवाडीची एकेक पायरी उतरल्यासारखं वाटत होतं.

आणि मग फोन आला. दोन्ही भाऊ एकाच फोनवर होते.

"अक्का, आखाजीले ये. भिंत पाडली. दारच नको म्हटलं मधात."

"पण हे?" इंदिराबाईंनी विचारलं.

"दाजी नको," दोघे एका सुरात म्हणाले.

आखाजीला जावयाला येऊ नका असा निरोप खान्देशात याआधी गेला असेल, तर तो रुपचंदभाऊंच्या ऐकिवात नव्हता. सणाच्या दिवशी पहाटे इंदिराबाई एकट्या एसटीत बसल्या. बसताना खिडकीतून म्हणाल्या, "कुकरमध्ये खिचडी लावून ठेवली आहे." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते वर वर. आत त्या निघूनही गेल्या होत्या.

इकडे रुपचंदभाऊंना राहवेना. त्यांनी मनात वाक्य जुळवलं, पुन्हा पुन्हा घोटलं, आणि दुपारी फोन लावला. इंदिराबाईंनी उचलला. मागे झोक्याची गाणी, भांड्यांचे आवाज, पोरांचा गोंधळ.

"मला दोघांची माफी मागायची आहे. स्पीकरवर टाक."

टाकला. रुपचंदभाऊंनी घसा साफ करून सुरुवात केली, "चुडामण, सुकदेव... झाडासकट ओळी गेल्या माझ्यामुळे. मी..."

"जाऊ द्या दाजी," सुकदेवचा आवाज हळवा झाला. "सणासुदीचा दिवस हाये. केलं तुम्हाले माफ."

मग चुडामण म्हणाला, "तू कोन माफ करनारा? थोरला मी हाये."

"जास्त ओळी माह्या गेल्या!"

"निंब माह्या बाजूचा व्हता!"

"निंब तुह्या बाजूचा? कवापासून? आण बरं तो मोजणीवाला परत!"

ताट सरकल्याचा आवाज आला. मग पाट. इंदिराबाईंनी फोन स्पीकरवरून काढला आणि कोपऱ्यात जाऊन कुजबुजल्या, "अहो, माफी मागणं थांबवा! मुश्किलीने एका पंगतीला बसलेत. तुमच्यावर राग आहे तोवर बसलेत."

"मग मी काय करू?"

"काहीतरी बोला. त्यांना राग येईल असं."

"मला तसं बोलता येत नाही."

"येतं. न ठरवता कायम येतं. आज ठरवून बोला." आणि त्यांनी फोन परत स्पीकरवर टाकला.

रुपचंदभाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं. कॉलनी उन्हात सामसूम पडली होती. त्यांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला. "ऐका रे! माफीबिफी काही नाही! पावसाळ्याआधी मी येणार, आणि तुमच्या विहिरीपाशी दुसरा डबा पुरणार! बघू कोण अडवतं!"

"पाय तर ठेवून पाहा!" दोन्ही भाऊ एकदम गरजले.

"तंगडं मोडू तुमचं, दाजी असले तरी!"

"बरोबर बोलला सुकदेव!"

"दादा, तू बस, मांडा गार होऊ राह्यला. वहिनी, दादाले रस वाढा!"

इंदिराबाई फोनजवळ आल्या. "छान झालं," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा लागला. "पुढच्या आखाजीलाही असंच करा." मागून त्यांना कोणीतरी झोक्यावर बोलावत होतं. फोन बंद झाला.

रुपचंदभाऊंनी खिचडी ताटात घेतली, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात, कोणाकडेही न बघता, घोटून ठेवलेलं वाक्य एकदा पूर्ण म्हणून टाकलं. "बठ्ठी चूक मनी शे, भाऊ. तुमनं मन दुखाडानं मना मनमा नव्हतं."

चांगलं जमलं होतं. मग ते जेवायला बसले.