पांढरे हार-कडे

आमच्या गल्लीतली पोरं सुमनअक्कांच्या ओट्यासमोरून जाताना तोंड घट्ट मिटून जायची. तोंड जरा उघडं दिसलं की अक्का सुपातले गहू तसेच टाकून रस्त्यात यायच्या. "जीभ दाखव!" पोरगं बिचारं जीभ काढायचं. लाल, हिरवी, कधी जांभळी. मग अक्का मान वळवून थेट माझ्याकडे बघायच्या. कारण पाचोऱ्याच्या त्या गल्लीत गोळ्या-बिस्किटांचं दुकान एकच होतं, आणि ते माझं होतं.

"भाऊ, हाई खावानं शे का रंगावानं?"

खायचं आहे की रंगवायचं! अक्का एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की अहिराणीत उतरायच्या, आणि माझ्यावर त्या कायम चिडलेल्याच असायच्या. मी म्हणायचो, "अक्का, बिनरंगाचं पोरं घेत नाहीत हो." त्या म्हणायच्या, "तुम्ही ठेवा तर खरं." ठेवलं! खडीसाखरेची बरणी भरून ठेवली. तिला मुंग्यांशिवाय गिऱ्हाईक मिळालं नाही.

लग्नाच्या पंगतीत तर अक्कांच्या शेजारी बसायची कुणाची छाती नव्हती. जिलबी वाढली की त्या ती पाण्याच्या पेल्यात बुडवायच्या आणि पेला शांतपणे बघत बसायच्या. पाणी केशरी झालं की उठून तो पेला पंगतभर फिरवायच्या. एकदा नवरीच्या मामाला पेला दाखवून म्हणाल्या, "घ्या, पाहुण्यांची रंगपंचमी." मामा असा तापला की त्याचा फेटा सुटला. वांग्याच्या भरताला मात्र अक्कांचा पूर्ण पाठिंबा होता. "वांगं भाजलं, मिरची कुटली, संपलं. लपवाछपवीला जागाच नाही."

लोक हसायचे. मीही पोट धरून हसायचो, खोटं कशाला बोलू? पण ही बाई उगाच पिसाळली नव्हती.

अक्कांना उशिरा झालेला एक मुलगा होता, बाळू. गोरा, देखणा, पण बोलायचा नाही. हाक मारली तर वळून बघायचा नाही. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवायचा, नाहीतर चिंचोके ओळीत मांडत बसायचा. ओळीला कुणी बोट लावलं तर किंचाळून घर डोक्यावर घ्यायचा. बायका म्हणायच्या, बाहेरचं आहे, उतारा करा. अक्का त्याला घेऊन धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ऑटिझम. तेव्हा आमच्याकडे तो शब्द कुणी ऐकलेलासुद्धा नव्हता. जन्मापासूनचं आहे, यावर औषध नाही, असंही सांगितलं. आणि उठता उठता म्हणाले, खाण्यातल्या रंगांनी काही मुलं जास्त चिडचिडी होतात म्हणतात. खात्री नाही. बंद करून बघा.

झालं! अक्कांनी तेवढंच घट्ट धरलं. घरातली पिवळी शेव गेली, केशरी बुंदी गेली, रंगीत बडीशेपसुद्धा गेली. बाळू निवांत झोपला तर अक्का म्हणायच्या, "बघा, रंग बंद केल्याचा गुण." तो रात्रभर जागला तर म्हणायच्या, "कुणीतरी गोळी दिली असणार." आणि सकाळी माझ्या दुकानापुढे हजर!

मग त्या वर्षीची होळी आली. आमच्याकडे होळीला पोरांच्या गळ्यात साखरेचे हार आणि हातात साखरेचं कडं घालतात, तेच हार-कडे. गुलाबी, पिवळे, असे रंगीबेरंगी. आदल्या वर्षी बाळूनं गुलाबी कडं खाल्लं होतं आणि होळीपुढे जमिनीवर डोकं आपटून घेतलं होतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अक्का, पुढच्या वर्षी त्याला घरीच ठेवा." 

या वर्षी त्या मगन हलवायाच्या भट्टीवर जाऊन बसल्या. "बिनरंगी हार-कडे करा." मगन म्हणाला, "अक्का, पांढरा हार कोण घालतं? एकट्या बाळूसाठी साचा भरू का?"

"एकट्यासाठी नाही. गल्लीतल्या बठ्ठ्या, सगळ्या पोरांसाठी."

मगननं खूप टाळाटाळ केली. पण अक्का पाक उतरेपर्यंत उठल्या नाहीत. मग टोपली काखेत घेऊन दारोदार फिरल्या आणि दिसेल त्या पोराच्या गळ्यात पांढरा हार घातला. माझे रंगीत हार दुकानात तसेच लटकत राहिले. मी जाम वैतागलो.

संध्याकाळी बाळू अक्कांचा हात धरून होळीला आला. होळी पेटली, पोरांनी बोंब ठोकली, आणि बाळूनं दोन्ही कान दाबून किंकाळी फोडली. पुन्हा तेच. रंगाचा कणही पोटात नव्हता, तरी तेच. सगळे अक्कांकडे बघायला लागले. त्या बाळूला उचलून ओट्यावर घेऊन आल्या.

मी मागोमाग गेलो. दिवसभराचा राग होताच. म्हटलं, "अक्का, आता तरी पटलं ना? रंगानं काही होत नाही. कशाला सगळ्या गावाशी वैर घेता?"

अक्का चिडल्या नाहीत. पण बोलल्या अहिराणीतच. "माले काय समजत नही का, भाऊ? पण डाक्टरना हातमा काही नही. मना हातमा चूल शे." मग बाळूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आणि बठ्ठ्यांसले रंगीत नि मना बाळूले एकट्यालेच धवळं? पोरांमध्ये तो आधीच वेगळा दिसतो. हारात तरी नको दिसायला."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. म्हणजे ती पंगतीतली पेल्यांची भांडणं, ती माझी खडीसाखरेची बरणी, सगळं त्यासाठीच होतं. पोराला पंगतीतून उठवून वेगळा डबा द्यावा लागू नये, म्हणून ही बाई अख्ख्या पंगतीचं ताट बदलायला निघाली होती.

तेवढ्यात बाळू शांत झाला. हार तोडून त्यानं साखरेच्या चकत्या ओट्यावर ओळीत मांडायला घेतल्या. शेजारची छकुली जवळ येऊन उभी राहिली. तिनं आपल्या हारातली एक चकती तोडली आणि ओळीच्या टोकाला ठेवली. आता बाळू किंचाळणार म्हणून अक्का पुढे सरकल्या. मीही सरकलो.

बाळूनं ती चकती काढून फेकली नाही. बोटानं जरा सरळ केली आणि तिच्यापुढे आपली एक ठेवली. मग आणखी दोन पोरं आली. ओळ ओट्यावरून पायरीवर उतरली. सगळ्या चकत्या पांढऱ्या, त्यात बाळूच्या कुठल्या आणि गल्लीच्या कुठल्या, ओळखू येईना.

पोरांची तोंडं साखरेनं भरलेली होती. पण त्या संध्याकाळी अक्कांनी कुणालाच जीभ दाखव म्हटलं नाही.